आर्वोची पेज

आर्वो हक्कालाला कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर तो सांगायचा, "पाणी घालतो." यात विनय नव्हता, नुसती माहिती होती. नॅरोज कॉलेजच्या हॉकीच्या बर्फावर तो एकेचाळीस वर्षं पाणी घालत आला होता. सामन्याचे डाव तीन. दोन डावांच्या मध्ये आर्वोने आपलं बोजड यंत्र बाहेर काढायचं, स्केटच्या पात्यांनी ओरबाडलेला बर्फ खरवडून घ्यायचा आणि वरून ऊन पाण्याचा पातळ हात फिरवायचा, अंगण सारवावं तसा. यंत्र बाहेर आलं की लोक कॉफी आणायला उठायचे. म्हणजे एकेचाळीस वर्षं हा माणूस तीन हजार लोकांच्या देखत काम करत होता आणि त्या तीन हजारांची त्याच्याकडे पाठ होती. त्याला त्याचं काही वाटत नसे. उलट कुणी टक लावून बघायला लागलं तर तो बावचळायचा आणि एखादा कोपरा सारवायचा राहून जायचा.

गाव त्याला ओळखत होतं ते मात्र पाण्यासाठी नव्हे, पेजेसाठी.

बर्फ आणि बर्फ यात फरक असतो, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. थंड, टणक बर्फावर चपळ पोरं वाऱ्यासारखी जातात. तोच बर्फ तीन अंशांनी कोमट ठेवला आणि सामन्यापूर्वी वर दीडपट पाणी सोडलं, की अर्ध्या डावात त्याचा लगदा होतो. चेंडूच्या जागी असते ती रबरी चकती घसरायच्या ऐवजी रांगते. चपळ पोरांचे पाय जड होतात आणि मुळातच जड असलेल्या पोरांना बरोबरीचा मान मिळतो. नॅरोजची पोरं पिढ्यान्‌पिढ्या जड होती. खाणवाल्यांची आणि लाकूडतोड्यांची नातवंडं. धक्क्याला भिंतीसारखी, पळायलाही भिंतीसारखीच. आणि मॅकेल्वी कॉलेजची पोरं चपळ. म्हणून वर्षातून दोनदा मॅकेल्वीवाले नॅरोजला आले की आर्वो दुपारी बाराला यंत्रघरात जायचा आणि काटा तीन अंशांनी सरकवायचा. नियमात बसणारं नव्हतं, पण नियमाबाहेर आहे असंही कुणी सिद्ध करू शकलं नव्हतं. हॉलमध्ये पाऊल टाकणारा जो तो विचारायचा, "काय आर्वो, पेज शिजली का?"

"शिजतेय," आर्वो म्हणायचा. एवढाच त्याचा विनोद. पण एकेचाळीस वर्षं टिकलेला विनोद गावात दुसरा नव्हता.

मॅकेल्वीवाल्यांवर त्याचा राग होता तो शलगमांमुळे. नॅरोजची माणसं पेस्टीत, म्हणजे मांसाच्या भल्यामोठ्या करंजीत, शलगम घालून खातात, म्हणून मॅकेल्वीचे पाहुणे कोटाच्या खिशातून शलगम आणायचे आणि त्यांच्या संघानं पहिला गोल केला की बर्फावर फेकायचे. ते गोळा करायचं काम आर्वोचं. कोळशाचं फावडं घेऊन तो वाकून वाकून शलगम भरायचा आणि वरून ओरडा व्हायचा, "एक राहिला बघ, म्हाताऱ्या! डावीकडे!" तो म्हातारा नव्हता तेव्हापासून ते त्याला म्हातारा म्हणत होते. शलगम तो घरी न्यायचा, शिजवून खायचा. पण राग शिजत नाही.

हॉलच्या दारापाशी, तिकिटाच्या खिडकीच्या डोक्यावर, एक लाकडी फळा होता. तो मिसेस मात्तिलांचा. लेम्पी मात्तिला चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. तिकिटं विकायचं काम त्यांनी केव्हाच सोडलं होतं, फळा सोडला नव्हता. आर्वो लहान असताना त्यांनी त्याच्याकडून चर्चच्या रविवारच्या शाळेत दहा आज्ञा पाठ करून घेतल्या होत्या, त्यामुळे सत्तराव्या वर्षीही तो त्यांना 'लेम्पी' म्हणू धजत नसे. मिसेस मात्तिला म्हणजे मिसेस मात्तिला.

फळ्यावर लेक कॉन्फरन्समधल्या, म्हणजे नॅरोजच्या गटातल्या, आठही कॉलेजांची नावं रंगवलेली होती आणि प्रत्येक नावाखाली खिळे. आपल्यातलं कुणीही दुसऱ्या कॉन्फरन्सच्या संघाशी खेळून जिंकलं की त्याच्या खिळ्याला निळी पत्र्याची टिकली, हरलं की लाल. आपापसातल्या सामन्यांना त्या फळ्यावर जागा नव्हती. गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांनाही याचा उलगडा होत नसे. आपल्या संघाची टिकली ठीक आहे. मॅकेल्वी जिंकलं तर त्यांच्या नावाला निळी टिकली आपण आपल्या दारात का लावायची?

"अरे गाढवांनो," मिसेस मात्तिला सांगायच्या, "नवीन वर्ष लागलं की बाहेरच्यांशी खेळणं संपतं. मग आपण आठजण एकमेकांनाच हरवत बसतो. त्यानं काय सिद्ध होतं? आठहीजण बाहेर मार खाऊन आलेले असले, तर आपल्यातला पहिला म्हणजे वासरांत लंगडी गाय. मार्चमध्ये देशातले सोळा संघ निवडणारं कॉम्प्युटर हेच बघतं. तू कुणाला हरवलंस एवढंच नाही, तू ज्याला हरवलंस त्यानं बाहेर काय दिवे लावले ते. मॅकेल्वी घरात वैरी. पण उंबऱ्याबाहेर गेला की आपल्याच घरचा."

"असला घरचा असण्यापेक्षा अनाथ बरा," आर्वो पुटपुटायचा आणि शिडीवर चढून टिकली लावायचा. त्यांना शिडी झेपत नसे म्हणून हे काम त्याचं. ऐकायचा सगळं. पटायचंही. पण पटणं डोक्यात होतं आणि शलगम पाठीत.

नॅरोज त्या सोळांत एकदाच गेलं होतं, सदतीस वर्षांपूर्वी. गाव रिकामं करून लोक डेट्रॉइटला गेले होते. मिसेस मात्तिला राहिल्या, कारण मिस्टर मात्तिला हॉस्पिटलात होते. "जाऊ पुढच्या वर्षी," असं त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या. ते पुढचं वर्ष काही आलं नाही. नवरा गेला, डोळे अधू झाले. आता चकती दिसत नसे, पोरांच्या पळण्यावरून ती कुठे असेल ते ताडायच्या. पण या वर्षी नॅरोजचा संघ खरंच चांगला होता, आणि आर्वोचं नोकरीचं हे शेवटचं वर्ष होतं. ऑक्टोबरातच आर्वोनं शब्द दिला होता, "या खेपेला गेलो ना, तर माझ्या गाडीतून घेऊन जाईन तुम्हाला. कुठेही असो."

"कुठेही?"

"कुठेही, मिसेस मात्तिला."

त्यांनी हिरवा कोट शिवून घेतला. संघाचा रंग. घातला नाही, कपाटात टांगून ठेवला.

नाताळाच्या सुट्टीत नॅरोजला दरवर्षी चार संघांचा मेळा भरतो. यजमान आपण, एक शेजारी, दोन बाहेरचे. अठ्ठावीस डिसेंबरला दुपारच्या सामन्यात शेजारी म्हणून मॅकेल्वी होतं आणि समोर पूर्वेकडून आलेलं ब्रॅनफर्ड कॉलेज. ब्रॅनफर्डची पोरं नॅरोजसारखीच जड, सावकाश. आर्वो बाराला यंत्रघरात गेला. भिंतीवरच्या कागदावर 'मॅकेल्वी' एवढं एकच नाव त्याला दिसलं, आणि एकेचाळीस वर्षांची सवय असलेला हात काट्याकडे गेला. तीन अंश. सामन्याआधी यंत्र फिरवताना पाण्याची तोटी नेहमीपेक्षा थोडी अधिकच उघडी राहिली. सणाचे दिवस होते.

"शिजली का?" दारातल्या माणसानं विचारलं.

"शिजतेय."

आणि काय शिजली होती! दुसऱ्या डावापर्यंत मॅकेल्वीची पोरं चिखलातल्या बदकांसारखी फताफत चालत होती. तिसऱ्या डावात, दोन-एक असे मागे असताना, त्यांचा सगळ्यात चपळ गडी एकटा पुढे निघाला. गोलकीपर पडलेला, जाळं उघडं. त्यानं चकती ढकलली आणि चकती लगद्यात रुतली. चक्क काठावर उभी राहिली, क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि आडवी होऊन गप बसली. सगळा हॉल हसला. आर्वो यंत्रघराच्या दारात उभा राहून इतका हसला की त्याला कठडा धरावा लागला. बायको गेल्यापासून तो तसा हसला नव्हता. मॅकेल्वी हरलं. संध्याकाळी तो शिडीवर चढला आणि मॅकेल्वीच्या खिळ्याला लाल टिकली लावली. लावताना शीळ घालत होता.

तीनच दिवसांनी वर्ष संपलं, बाहेरचे सामने संपले आणि फळा गोठला. निळ्या एकोणतीस, लाल तीस.

त्यानंतर नॅरोज जिंकतच सुटलं. गावात माणसं एकमेकांना रस्त्यात थांबवून बोलायला लागली, हे तिथं फारसं होत नाही. मार्चमध्ये कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्याला नॅरोज मॅकेल्वीला गेलं. जो जिंकेल तो सरळ सोळांत. मॅकेल्वीचा बर्फ आरशासारखा होता. त्यात कसलाही कावा नव्हता, हे बघून आर्वोला उगीचच वाईट वाटलं. तीन-दोन हरले. आता उरली ती कॉम्प्युटरची निवड.

"बर्फ तसाच ठेव," कोच पेल्टियर परतल्यावर म्हणाला. पेल्टियर क्युबेककडचा, आवाजानं मोठा, मनानं बरा. "निवड झाली तर सराव लागेल."

"आणि नाही झाली तर?"

"म्हाताऱ्या, सकाळी सकाळी अभद्र बोलू नकोस."

रविवारी दुपारी सगळं गाव हॉलमध्ये जमलं. मोठा पडदा लावला होता. बायकांनी वेलदोड्याचा गोड पाव आणला होता, कॉफीचे तीन मोठे पिंप. पोरं टाय लावून पुढच्या रांगेत बसली होती आणि टायमुळे चोरासारखी दिसत होती. मिसेस मात्तिला हिरवा कोट घालून आल्या होत्या. घडीची रेघ अजून पाठीवर होती.

"कितवा झाला?" त्या आर्वोला विचारत होत्या. पडदा त्यांना दिसत नव्हता.

"अकरावा."

"आपण?"

"अजून नाही."

पंधरावं नाव आलं. सोळावं आलं. सोळावं ब्रॅनफर्ड होतं.

कुणी ओरडलं नाही. त्या गावात लोक दुःखात खुर्च्या आवरायला लागतात. अर्ध्या मिनिटात खुर्च्यांच्या घड्या पडायला लागल्या. मग कोचचा हाताखालचा माणूस लॅपटॉप घेऊन उभा राहिला. त्यानं आकडे काढले होते. ब्रॅनफर्ड आणि नॅरोज यांच्यात दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या घरात तीनचा फरक होता. "डिसेंबरात इथं मॅकेल्वीनं ब्रॅनफर्डला हरवलं असतं ना," तो म्हणाला, "तर ब्रॅनफर्ड खाली, आपण वर. तो एक सामना. बाकी काही बदलायची गरज नव्हती."

मग मात्र हॉलला कंठ फुटला.

"मॅकेल्वी! भिकारडे लेकाचे!"

"उघड्या जाळ्यात गोल करता येईना त्यांना! आठवतंय?"

"स्वतः गेले आणि आपल्याला बुडवून गेले!"

"मुद्दाम हरले असतील. भरवसा नाही त्यांचा."

एका म्हाताऱ्यानं आर्वोच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू एवढे शलगम उचललेस रे त्यांचे, आणि हे फळ." आर्वोनं मान हलवली. हातात कॉफीचा कप होता, तो त्यानं खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि तसाच घेऊन यंत्रघरात गेला.

कोच तिथं आला तेव्हा आर्वो काट्यासमोर उभा होता.

"सोड आता," कोच म्हणाला. सोड म्हणजे बर्फ सोड. थंडी बंद कर, वितळू दे.

"कोच, एक सांगायचंय."

"उद्या सांग."

"अठ्ठावीस तारखेला मी पेज केली होती."

कोचनं त्याच्याकडे पाहिलं. बाहेर खुर्च्यांचा आवाज चालू होता.

"किती?"

"तीन अंश."

"पाणी?"

"दीडपट. जरा जास्तच."

कोच पालथ्या बादलीवर बसला. आर्वोला वाटलं, आता तो आवाज चढवेल. तो चढवता तर बरं झालं असतं. त्यानं गळ्यातला टाय काढला, गुंडाळला, खिशात घातला, पुन्हा बाहेर काढून त्याच्याकडे बघत बसला.

"ब्रॅनफर्डशी होता रे सामना," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"आपल्याशी नव्हता."

"नाव मॅकेल्वीचं होतं, कोच. मी पुढचं वाचलंच नाही."

"पोरांना सांगू नकोस," कोच उठत म्हणाला. "शिव्या द्यायला त्यांना कुणीतरी लागणार. आणि तू त्यांना आवडतोस." दारापर्यंत गेला आणि मागे न बघता बोलला, "मलाही आवडायचास. उद्या बघू."

आर्वोनं खटका ओढला. एकेचाळीस वर्षं ज्या घरघरीत तो जेवला होता, डुलक्या काढल्या होत्या, बायकोशी फोनवर भांडला होता, ती घरघर थांबली.

मिसेस मात्तिलांना घरी सोडायचं काम त्याचंच होतं. दुपारचे तीन वाजले होते, बर्फ भुरभुरत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मार्चचे मळकट ढिगारे.

"मिसेस मात्तिला."

"हं."

"मॅकेल्वी हरलं ते माझ्यामुळे. मी त्या दिवशी..."

"पेज केली होतीस."

आर्वोनं गाडी हळू केली. "कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? डोळे गेलेत, कान नाही गेले. टणक बर्फावर पात्यांचा आवाज कसा येतो, कापड फाडल्यासारखा. त्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत समजलं मला. पच्‌ पच्‌ चाललं होतं."

"मग बोलला का नाहीत? पहिल्या डावानंतर मला नुसतं म्हणाला असतात तर मी... पाणी कमी सोडलं असतं, काटा मागे घेतला असता. वेळ होता."

चर्च गेलं, बंद पडलेलं दुकान गेलं. कोटाचं वरचं बटण त्या बोटांनी फिरवत होत्या.

"उठले होते मी," त्या म्हणाल्या. "तुला सांगायला म्हणून उठले. काठी घेतली. तेवढ्यात शेजारची बाई म्हणाली, मॅकेल्वीचा कप्तान पडला तोंडावर. आणि मला हसू आलं. म्हटलं, दोन मिनिटं मजा बघू, मग सांगू. मग दुसरा डाव सुरू झाला. मग ती चकती उभी राहिली, सगळे हसले." त्यांनी बटण सोडलं. "मी पण हसले, आर्वो. चांगली खळखळून. तीस वर्षं गावाला शिकवतेय, उंबऱ्याबाहेर तो आपल्याच घरचा आहे म्हणून. आणि घरचा तोंडावर पडला तर बसले हसत."

आर्वोला वाटलं होतं, त्या रागावतील, किंवा माफ करतील. रविवारच्या शाळेत या दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. या तिसऱ्या गोष्टीचं काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.

घर आलं. त्यानं उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडलं, पायऱ्यांवरचा बर्फ बुटानं बाजूला केला आणि हात दिला. दुसऱ्या पायरीवर त्या दम घ्यायला थांबल्या.

"तुझ्या जागी येणाऱ्याला सांगून ठेव," त्या म्हणाल्या. "मॅकेल्वी बाहेरच्याशी खेळत असेल, तेव्हा पेज नाही करायची."

"सांगतो."

"ऐकेल का?"

आर्वोनं विचार केला. त्या नव्या माणसाला त्यानं पाहिलं होतं. बायको आणि दोन पोरं असलेला, भला माणूस. गेल्या महिन्यात त्यानं पहिले शलगम उचलले होते, आणि एक त्याच्या मानेवर बसला होता.

"नाही," आर्वो म्हणाला.

"नाहीच ऐकणार." त्यांनी किल्ली कुलपाला लावली, ती दोनदा चुकली. त्यानं हात पुढे केला, पण त्यांनी दिली नाही. तिसऱ्यांदा बसली. "कॉफी ठेवते. ये आत. तो कोट काढायला जरा मदत कर, बाही घट्ट शिवलीय मेल्यानं."

तो आत गेला. बाही खरंच घट्ट होती.